कलामांचा ड्रेस भाड्यानं घ्यायचाय? खासबागजवळच्या ड्रेपरीचा रिव्ह्यू

चार स्टार. पाचवा का कापला ते पुढं येईलच, पण कोल्हापुरात पोरांचा फॅन्सी ड्रेस पाहिजे असेल तर ऑनलाइनच्या नादाला लागू नका, सरळ इथं जावा. मिरजकर तिकटीवरनं खासबागच्या अंगाला आत वळायचं, जुन्या वाड्याच्या जिन्याखाली दुकान आहे, बोर्ड उन्हानं पार उडालाय त्यामुळं बोर्ड शोधत बसू नका, बाहेर फेटा बांधलेला फायबरचा अर्धा पुतळा दिसला की समजायचं आलो. गाडी लावायला जागा नाही. खासबागला कुठंतरी लावा आणि चालत या.

दुकान काका-काकी चालवतात. काकांचे वडील म्हणे सिनेमाला कपडे पुरवायचे, जयप्रभा स्टुडिओ चालू होता त्या काळात, आणि नंतर सगळं नाटकांवर आलं. केशवराव भोसले नाट्यगृह २०२४ च्या ऑगस्टमध्ये जळलं तेव्हापासनं नाटकाच्या ऑर्डरी पण कमी झाल्या असं काका सांगत होते, आता सगळा धंदा शाळांवर. म्हणजे २६ जून शाहू जयंती, १५ ऑगस्ट, गॅदरिंगचा सीझन, आणि मधल्यामधे १५ ऑक्टोबर. आम्ही गेलेलो ते ह्या १५ ऑक्टोबरसाठी. कलामांचा जन्मदिवस, आपल्याकडं २०१५ पासनं वाचन प्रेरणा दिन म्हणून करतात, तर पोरीच्या शाळेत कार्यक्रम होता आणि तिला कलाम व्हायचं होतं. चौथीत आहे. भाषण पण करायचं होतं.

पहिलीच मजा सांगतो. दुकानात हँगरच्या रांगा लावल्यात, देव एका रांगेत, मावळे एका रांगेत, फळंभाज्या एका पोत्यात (टोमॅटोला फार मागणी आहे म्हणे), मग नेते, मग शास्त्रज्ञ. मी आपला सरळ शास्त्रज्ञाच्या रांगेकडं गेलो तर तिथं नुसते पांढरे कोट. डॉक्टरचाच कोट, स्टेथोस्कोप काढला की शास्त्रज्ञ. काका गादीवरनंच ओरडले, "दादा, तिकडं काय बघताय, कलाम नेत्यात हायत!" आणि खरंच होते. गांधीजींचं धोतर, नेहरूंचं जाकीट, आणि त्याच्या शेजारी काळा बंद गळ्याचा कोट आणि प्लास्टिकच्या पिशवीत चंदेरी केसांचा विग.

आता ह्यावर मी तिथं उभ्या उभ्या वाद घातला, माझी सवयच आहे ती, बायको म्हणते तू दूधवाल्याबरोबर पण वाद घालतोस. म्हटलं काका, माणूस राष्ट्रपती होता पाच वर्षं, २५ जुलै २००२ ते २५ जुलै २००७, आणि त्याच्या आधी चाळीसेक वर्षं रॉकेट, क्षेपणास्त्रं आणि हॉवरक्राफ्ट करत होता, मग नेत्यात कसा काय? काका म्हणाले, "पोरं कोटात ओळखतात. कोट नसला तर मग नुसता म्हातारा दिसतोय." मुद्दा बरोबर आहे हो. पांढरा कोट पण खरं तर चुकीचाच झाला असता, कारण कलाम म्हणजे काही परीक्षानळीवाले शास्त्रज्ञ नव्हेत. त्रिचीच्या सेंट जोसेफ कॉलेजात फिजिक्स झालं १९५४ ला, मग मद्रासच्या एमआयटीत एरोनॉटिकल इंजिनिअरिंग, आणि तिथल्या ॲडमिशनच्या पैशासाठी बहिणीनं, जोहरानं, सोन्याच्या बांगड्या आणि चेन गहाण ठेवली. नावापुढचं डॉक्टर आहे ते मानद पदव्यांचं, पीएचडी केलेली नाही. म्हणजे इंजिनिअर माणूस. पण इंजिनिअरचा ड्रेस काय असतो? पिवळं हेल्मेट? ते इथं 'मदतनीस'मध्ये लावलंय, फायरब्रिगेडच्या शेजारी.

मधेच काकींनी सुचवलं, "पोरगी हाय तर झाशीची राणी द्या की, नवीन शिवलीय, तलवार पण हाय." सगळ्याच दुकानांत मुलगी दिसली की राणी नाहीतर सावित्रीबाई काढतात, त्यात वाईट काही नाही, पण पोरीनं नाक मुरडलं. मग मीच काकींना सांगितलं की २००२ ला कलामांच्या विरोधात राष्ट्रपतिपदासाठी उभ्या राहिल्या होत्या कॅप्टन लक्ष्मी सहगल, आणि त्या आझाद हिंद सेनेत कुठल्या पलटणीच्या प्रमुख होत्या तर झाशीची राणी रेजिमेंटच्या. काकी म्हणाल्या, "मग दोन्ही घ्या, शंभर कमी करते." धंद्याला पक्क्या आहेत बघा.

तर आता मालाबद्दल. विग एक नंबर. ऑनलाइन विग आम्ही आधी मागवून बघितला होता, कुठल्या साइटवरनं ते जाऊ द्या, चकचकीत दोऱ्याचा, डोक्यावर ठेवला की पोर भजनी मंडळातनं पळून आल्यासारखं दिसायचं आणि खाज सुटायची. इथला विग काकांनी स्वतः बांधलाय, जाळीवर. मधला भांग आणि कानावरनं पुढं येणारे ते दोन वळसे, तेच तर महत्त्वाचे, ते बरोब्बर आलेत. आतनं सुती कापड लावलंय त्यामुळं टोचत नाही. धुतलेला होता, वास नव्हता. ह्या विगसाठी पाच स्टार वेगळे.

कोट मात्र निराशा. सात ते दहा वर्षांसाठी म्हणून एकच साइज आहे आणि तो कुठल्या दहा वर्षांच्या पोराला बसतो देव जाणे, पोरीच्या गुडघ्यापर्यंत आला, बाह्या दोनदा दुमडल्या तरी हात दिसेनात, वर डांबराच्या गोळ्यांचा असा वास की डोळ्यात पाणी. काका म्हणाले टाचण्या मारून देतो. टाचण्या मारल्यावर पोरगी हात वर करायला तयार नाही.

दुसरी तक्रार पदकाची. ड्रेसबरोबर 'भारतरत्न' देतात ते म्हणजे गोल सोनेरी बिल्ला आणि तिरंगी फीत, तोच बिल्ला सैनिकाच्या ड्रेसला पण आहे आणि धावण्याच्या शर्यतीला पण. भारतरत्न पिंपळपानाच्या आकाराचं असतं आणि फीत पांढरी असते. मी हे सांगितल्यावर काकांनी खोक्यातनं तांब्याच्या रंगाचा पुठ्ठा काढला आणि कात्रीनं तिथल्या तिथं पिंपळपान कापून दिलं, वर मार्करनं सूर्य काढला. फुकट. असला दुकानदार मिळत नाही आता. कलामांना ते १९९७ ला मिळालं, म्हणजे राष्ट्रपती व्हायच्या आधीच, असे तीनच राष्ट्रपती आहेत, राधाकृष्णन, झाकिर हुसेन आणि हे. त्यामुळं राष्ट्रपती झाले म्हणून पदक मिळालं असं जे पोरांच्या भाषणात येतं ते उलटं आहे.

आणि मग रॉकेट. थर्माकोलचं, साधारण पोरीच्या खांद्याएवढं, वर लिहिलंय 'अग्नी' आणि खाली इस्रोचा लोगो चिकटवलाय. बघितल्याबरोबर मी म्हटलं हे चुकलंय, अग्नी क्षेपणास्त्र डीआरडीओचं, म्हणजे संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेचं, इस्रोचं नव्हे. इस्रोत कलाम होते ते एसएलव्ही-३ साठी, १७ टनांचं रॉकेट ४० किलोचा उपग्रह वर न्यायला, १० ऑगस्ट १९७९ चं पहिलं उड्डाण दुसऱ्या टप्प्यात बिघडून बंगालच्या उपसागरात पडलं आणि १८ जुलै १९८० ला रोहिणी उपग्रह कक्षेत गेला. त्यानंतर ते १९८२ ला हैदराबादला डीआरडीओच्या लॅबमध्ये आले, १९८३ ला क्षेपणास्त्रांचा कार्यक्रम सुरू झाला, पृथ्वी १९८८ च्या फेब्रुवारीत आणि अग्नी २२ मे १९८९ ला उडालं. हे सगळं मी काकांना ऐकवलं, त्यांनी शांतपणे लोगो खरवडायला घेतला, आणि तेवढ्यात माझ्याच डोक्यात आलं की थांबा, पहिल्या अग्नीचा खालचा टप्पा एसएलव्ही-३ च्याच पहिल्या टप्प्यावरनं घेतलेला होता की, घन इंधनाचा, आणि वरचा पृथ्वीवरनं. म्हणजे खाली इस्रो आणि वर अग्नी, काकांनी नकळत निम्मं बरोबरच चिकटवलेलं! लोगो ठेवा म्हटलं. काकांनी माझ्याकडं जे बघितलंय ना.

ह्या दुकानातला सगळ्यात भारी भाग मात्र मालाचा नाहीच, गप्पांचा आहे. पोरीनं भाषणात पेपर विकण्याचं लिहिलं होतं. सगळी पोरं तेच सांगतात, रामेश्वरम, वडील नावाडी, पहाटे पेपर टाकायचे. खरंच आहे ते, दुसऱ्या महायुद्धात रामेश्वरमला गाडी थांबायची बंद झाली आणि पेपरचे गठ्ठे चालत्या गाडीतनं फेकायचे, ते गोळा करायला चुलतभावाला मदत लागायची म्हणून हे काम मिळालं. पण वर्गात कलाम झालेल्या दहा पोरांनी तेच सांगितलं तर बाईंना झोप येणार. मी तिला म्हणत होतो की पायाच्या कॅलिपरचं सांग. पोलिओ झालेल्या पोरांना पायाला लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर घालायला लागायचं, तीन किलोच्या वर वजन, हैदराबादच्या निम्स हॉस्पिटलमधल्या हाडांच्या डॉक्टरांनी कलामांच्या लॅबमध्ये क्षेपणास्त्रासाठीचं हलकं कॉम्पोझिट मटेरियल हातात घेऊन बघितलं आणि त्यांना सरळ वॉर्डात नेऊन ती पोरं दाखवली, पाय ओढत चालणारी. काही आठवड्यांत त्याच मटेरियलचं साधारण ३०० ग्रॅमचं कॅलिपर तयार झालं. कलाम आयुष्यभर भाषणांत सांगायचे की सगळ्यात जास्त आनंद त्या पोरांना चालताना बघून झाला. पोरगी म्हणाली, "पण बाबा, तीनशे ग्रॅम म्हणजे किती?"

काका काही न बोलता आत गेले आणि दोन गदा घेऊन आले. एक जुनी, पत्र्याची, आत लोखंडी दांडा, नाटकातल्या भीमाची, आणि एक हल्लीची फायबरची, दिसायला सेम टू सेम. पोरीच्या हातात आधी जुनी दिली तर ती दोन्ही हातांनी पण उचलेना, मग फायबरची दिली तर एका हातानं गरगर फिरवायला लागली आणि ट्यूबलाइट थोडक्यात वाचली. काका म्हणाले आमच्याकडं पूर्वी चिलखत पण लोखंडी असायचं, शिवाजी महाराज झालेला नट दोन अंकांत घामाघूम व्हायचा, आता फायबर आलं आणि पोरं पण मावळे व्हायला लागली. कॉम्पोझिट मटेरियल म्हणजे काय हे मला इंजिनिअरिंगला जेवढं कळलं नव्हतं तेवढं त्या बोळात कळलं.

कोटाचा प्रश्न तसाच होता. आणि खरं सांगू का, कोट घालून कलाम दाखवायचे हेच मला पटत नव्हतं, कारण राष्ट्रपती व्हायच्या आधीचा हा माणूस कोटातला नव्हेच. केरळात थुंब्याच्या रॉकेट केंद्रावर चर्चमध्ये ऑफिस, सायकलवरनं रॉकेटचे भाग न्यायचे, २१ नोव्हेंबर १९६३ ला तिथनं पहिलं रॉकेट उडालं तेव्हा हे जुळणी आणि सुरक्षा बघत होते. एसएलव्हीच्या यशानंतर इस्रोचे तेव्हाचे प्रमुख सतीश धवन म्हणाले चला पंतप्रधान इंदिरा गांधींना भेटायचंय, तर ह्यांचे नेहमीचे साधे कपडे आणि पायात चपला, तेच टेन्शन आलं की असं कसं जायचं. धवनांनी समजावलं की कपड्यांची काळजी कशाला, अंगावर यश घातलंय की. असल्या माणसाला आपण ओळखतो ते बंद गळ्यावरनं, हे म्हणजे काय बोलायचं.

मी हे बोलत असताना पोरीचं लक्ष दुसरीकडंच. पायलटचा ड्रेस. हिरवा ओव्हरऑल, चेनी, खिसे, हेल्मेट. २०१९ ला हवाई दलाचे पायलट अभिनंदन पाकिस्तानातनं परत आले तेव्हा काकांनी शिवून घेतलेले, सोबत ती मिशी पण देतात. आणि तो पोरीला अगदी मापात बसला. आरशासमोरनं हलेना. मी म्हणणार होतो की कलाम व्हायचंय ना तुला, आणि तेवढ्यात ट्यूब पेटली. पुण्याचं लोहगाव! ८ जून २००६, वय ७४, राष्ट्रपती कलाम जी-सूट घालून सुखोई-३० मध्ये बसले आणि उडाले, लढाऊ विमानातनं उडालेले पहिले राष्ट्रपती. आणि गोष्ट अशी की इंजिनिअर झाल्यावर त्यांना हवाई दलात पायलटच व्हायचं होतं, डेहराडूनला मुलाखतीला पंचवीस जण, घ्यायचे होते आठ, आणि ह्यांचा नंबर नववा. नववा! आठ असता तर कदाचित रॉकेटं बाजूला राहिली असती. पुढं तिन्ही दलांचे सरसेनापती म्हणून त्याच हवाई दलाच्या विमानात बसले.

हे सांगितल्यावर काकांनी मिशी बाजूला ठेवली, ओव्हरऑलवर चंदेरी विग चढवला, हेल्मेट पोरीच्या काखेत दिलं, पुठ्ठ्याचं पिंपळपान मात्र काढून घेतलं ("विमानात पदक कोण घालतंय?") आणि दोन पावलं मागं जाऊन बघत म्हणाले, "नाद खुळा." भाषण पण मग तिनं स्वतःच बदललं, नववा नंबर आणि पुणे, मधे कॅलिपर. शाळेत अर्ध्या लोकांना कळलं नाही हे कोण, एका मॅडमनी अंतराळवीर म्हणून नाव पुकारलं, पण बोलायला लागल्यावर समजलं सगळ्यांना. नंबर आला नाही. कोटवाल्याचा आला.

रांगेचा वाद मात्र माझ्या डोक्यातनं गेला नाही. ड्रेस परत द्यायला गेलो तेव्हा परत काढला. काकांचं म्हणणं, नेता कशाला म्हणायचं, कधी आमदारकी-खासदारकीची निवडणूक लढवली नाही, भाषणात कुणाला शिव्या नाहीत, म्हणजे मग शास्त्रज्ञच. म्हटलं आता पलटी मारताय होय. पण नेत्याच्या वाटणीचं पण आहेच की त्यांच्याकडं, आणि ते सगळंच हार घालण्यासारखं नाही. २००५ ला बिहार विधानसभा बरखास्त करायच्या कागदावर त्यांनी मॉस्कोतनं मध्यरात्री सही केली, पुढं सुप्रीम कोर्टानं ती बरखास्ती घटनाबाह्य ठरवली, आणि तेव्हा राजीनाम्याचा विचार केला होता असं त्यांनी स्वतः लिहिलंय. आणि पुढच्याच वर्षी लाभाच्या पदाचं विधेयक (काही सरकारी पदं घेतली तरी खासदारकी जाऊ नये म्हणून आणलेलं) त्यांनी संसदेकडं परत पाठवलं, फेरविचार करा म्हणून. संसदेनं तसंच परत धाडलं तेव्हा सही करावीच लागली, घटनेतच तसं आहे. माझं मत विचाराल तर पहिली सही घाईत झाली आणि दुसऱ्या वेळी माणूस शिकलेला होता. काका म्हणाले, "रॉकेट पडलं की दुसरं उडवता येतंय, सहीचं तसं न्हाई." मग आम्ही चहा घेतला. हँगर आहे तिथंच आहे.

आता कामाचं. भाडं एका दिवसाचं अडीचशे, डिपॉझिट पाचशे, विग वेगळा नेला तर शंभर. जीपे चालतं पण डिपॉझिट रोख मागतात आणि पावती म्हणजे जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलेला चिटोरा, तो हरवू नका, त्याशिवाय काकी पैसे देत नाहीत, काका देतील असं वाटतं पण गल्ला काकींकडं आहे. ओव्हरऑलच्या एका खिशाची चेन आधीच तुटलेली होती, घेताना दाखवून घ्या, मी दाखवली होती म्हणून वाचलो, माझ्या पुढच्या माणसाचे सत्तर कापले. ट्रायल रूम म्हणजे पडद्यामागचा आरसा. दुपारी एक ते चार बंद, आणि बंद म्हणजे बंद, शटर वाजवू नका, काका तिथंच झोपलेले असतात. पाचवा स्टार कापला तो कोटाच्या साइजसाठी आणि डांबराच्या गोळ्यांसाठी. काकांनी मधली एक साइज शिवून घेतली तर मी येऊन वाढवतो.

आणि कलामांचे विग दोनच आहेत, त्यामुळं १५ ऑक्टोबरच्या निदान आठवडाभर आधी जाऊन सांगून ठेवा. उशीर केला तर काका आइनस्टाईनचा विग विंचरून भांग पाडून देतात, मी डोळ्यांनी बघितलंय. तिथं चुकूनही बोलू नका की आइनस्टाईनला पण १९५२ ला इस्रायलनं राष्ट्रपती व्हा म्हणून विचारलेलं आणि तो नको म्हणाला. मी बोललो, आणि आता तो विग पण नेत्यात लावलाय.